चांगली बुरशी

नेमसिंग राठोडला मी पहिल्यांदा भेटलो तेव्हा त्याच्यावर खेकसलो होतो, आणि त्याचा गुन्हा इतकाच होता की तो माझं सगळं ऐकून घेत होता. सव्वीस वर्षं कृषी सहायकाची नोकरी केल्यावर माणसाला शेतकऱ्यांशी भांडायची सवय लागते. आपण म्हणायचं, युरिया कमी टाका. त्यांनी म्हणायचं, तुमच्या बापानं केली होती का शेती? मग चहा यायचा आणि दोघांचंही समाधान व्हायचं. नेमसिंग मात्र हात मागे बांधून उभा राहायचा आणि माझ्या प्रत्येक वाक्याला मान हलवून म्हणायचा, "बराबर, सायेब."

एकदा मी वैतागून म्हणालो, "नेमसिंगभाऊ, हळद झाडावर लागते, चिंचेसारखी."

त्यानं टोपी मागे सारून डोकं खाजवलं आणि म्हणाला, "तुमी म्हणता तर लागत आसंल कुठंतरी."

तेव्हापासून हा माणूस मला आवडायला लागला आणि त्याची धास्तीही वाटायला लागली. ऐकावे जनाचे, करावे मनाचे, असं आपल्याकडे म्हणतात. नेमसिंग ऐकायचाही जनाचं आणि करायचाही जनाचंच. बरं, अर्धवट नाही. सांगितलेलं तंतोतंत. दुकानदारानं एका पंपाला तीस ग्रॅम पावडर सांगितली तर हा किराणा दुकानातून तराजू मागून आणून तीसच ग्रॅम मोजायचा. बाकीचे लोक मूठ बघून टाकायचे आणि त्याला हसायचे.

त्याचा थावरानाईक तांडा डोंगरकडा गावापासून साडेतीन किलोमीटरवर. चाळीसेक घरं. या लोकांचे पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडायचे. नेमसिंगचा बाप इथल्या खडकाळ उतारावर थांबला आणि कुदळ हातात घेतली. नेमसिंगच्या वाट्याला तीन एकर आले, त्यातलं विहिरीखालचं एक एकर कामाचं. त्या एकरात हळद असायची. आता हिंगोली जिल्ह्यात हळद कोणाच्या रानात नसते, असं तुम्ही म्हणाल. पण ही हळद दुसरी होती.

सगळा मुलूख सेलम लावतो. नेमसिंगच्या रानातल्या हळदीला नावच नव्हतं. तांड्यातले लोक तिला 'याडीची हळद' म्हणायचे. याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. नेमसिंगची आई थावरीबाई तरुणपणी वसमतकडे हळद काढायच्या मजुरीला जायची. काढणी संपली की रानात मागे राहिलेलं वेचून न्यायची मजूर बायांना मोकळीक असे. त्याला सरवा म्हणतात. बाकीच्या बाया हळकुंडं वेचायच्या, कारण ती वाळवून विकता यायची. थावरीबाई मात्र मातीत रुतलेले गोल, बेढब गड्डे शोधायची. त्यांना बाजारात कोणी विचारत नाही, पण लावले तर उगवतात ते. एका काढणीत पदरभर गड्डे जमले. ते तिनं झोपडीमागं, अंघोळीचं पाणी जायचं तिथं लावले. दर वर्षी आलेलं सगळं पुन्हा लावायचं, खायचं नाही, विकायचं नाही. असं करत एकर भरायला तिला बारा वर्षं लागली.

हळकुंडं बारीक आणि वाकडी. व्यापारी नाक मुरडायचे. पण मोडून पाहिलं तर आत असा जर्द केशरी रंग की बोटाला लागला तर दोन दिवस निघत नसे. तांड्यातल्या प्रत्येक लग्नाची हळद याच रानातली. नवरीकडची बाई पाटी घेऊन यायची, नेमसिंगची बायको रूपाबाई ती भरून द्यायची. कोणी काही विचारायचं नाही, कोणी काही द्यायचं नाही. थावरीबाई वारली तेव्हा तिच्याही अंगाला तीच हळद लावली होती, असं रूपाबाईनं मला सांगितलं.

बेणं सांभाळायचं काम रूपाबाईचं. फाल्गुनात हळद काढली की बेण्याचे गड्डे निवडून लिंबाच्या सावलीत त्यांचा ढीग लावायचा, वर हळदीचा पाला झाकायचा आणि मृगाच्या तोंडावर लावणी होईपर्यंत तो जपायचा. जपायचा म्हणजे काय, तर दर आठवडी बाजाराच्या दिवशी पाला बाजूला करून ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा. आत ऊब लागते का बघायचं. मग हात बाहेर काढून हुंगायचा. एखादा गड्डा मऊ झाला असेल तर तिला वासावरून कळायचं. तो शोधून फेकून द्यायचा आणि ढीग पुन्हा झाकायचा. मी तिला चिडवायचो, "वैनी, तुमच्या हाताला नाक आहे." ती हसायची नाही. म्हणायची, "सासूनं शिकवलंय. हाताला कळतंय, डोळ्याला कळत न्हाई."

या वाक्याचा अर्थ मला फार उशिरा कळला.

कंदकूज पहिल्यांदा आली ती भाद्रपदात. नेमसिंगचा फोन आला, "सायेब, पानं कडंनं पिवळी पडून राहिली. शेंडा धरला की हातात येऊन राहिला." मी गेलो. रोप ओढलं तर खरोखर अलगद हातात आलं, तळाशी कुजलेलं. खालचा गड्डा बोटानं दाबला तर आतून पाणी निघालं. वास तर विचारू नका. हा बुरशीचा रोग. पाणी साचलं की जमिनीत ती पसरते आणि गड्डा आतून खाते. बाहेरून रोप पिवळं दिसेपर्यंत आत सगळं संपलेलं असतं.

डोंगरकड्याच्या वैजनाथच्या दुकानातून नेमसिंगनं निळी पावडर आणली. पंपाचं तोंड काढून एकेका रोपाच्या बुडाशी औषध ओतलं, त्याला आळवणी म्हणतात. आमच्याकडे विषालाही औषधच म्हणतात. सांगितलं तेवढं, सांगितलं तसं. अर्धं एकर गेलं. पुढच्या वर्षी वैजनाथनं दुसरी, महागाची पुडी दिली. उरलेल्यातलं अर्धं गेलं. आता पाऊण एकराला हळद नव्हती, आणि याडीचं बेणं जगात फक्त त्या उरलेल्या पाव एकरात होतं.

नेमकं त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी तीन दिवसांचं प्रशिक्षण करून आलो होतो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ते माझ्यासारख्यालाच म्हणत असावेत. प्रशिक्षणात आम्हाला ट्रायकोडर्मा शिकवला. ही सुद्धा बुरशीच, पण कंदकुजीच्या बुरशीला खाणारी. रसायनाऐवजी ही जमिनीत सोडायची. काट्यानं काटा काढायचा. मी तांड्यावर जाऊन लिंबाखाली बसलो आणि नेमसिंगला व्याख्यान दिलं. चांगल्या कुजलेल्या शेणखतात ट्रायकोडर्माची पुडी मिसळा, गुळाचं पाणी शिंपडा, सावलीत ओल्या पोत्याखाली झाका, आणि हात लावू नका. आठ-पंधरा दिवसांत बुरशी वाढते.

"बुरशी म्हंजे वाईटच ना, सायेब?" नेमसिंगनं विचारलं. मला आठवतंय तेवढा त्याचा हा एकमेव प्रश्न.

"असं काही न्हाई. माणसासारखंच. त्यातबी चांगली आणि वाईट असते."

"मंग चांगली वळखायची कशी?"

"हिरवी दिसली की चांगली," मी ठोकून दिलं. "आपलं माणूस आलं समजायचं."

हे मी प्रशिक्षणातल्या पुस्तिकेवरून उचललं होतं. पुस्तिकेत ते शेणखताच्या खड्ड्याबद्दल होतं.

"बराबर," नेमसिंग म्हणाला. त्यानं ते मनात लिहून ठेवलं असणार, कारण कागदावर त्याला फारसं लिहिता येत नव्हतं.

त्याच वर्षी कचेरीतून तुलनेचा प्रयोग आला. एकाच रानात तीन पट्ट्या पाडायच्या. एकीला रसायन, एकीला ट्रायकोडर्मा आणि तिसरीला काहीच नाही. शेवटी कोणत्या पट्टीत किती कूज, ते मोजायचं आणि दर पंधरवड्याला मोबाइलवर फोटो चढवायचे. मी नेमसिंगचं नाव दिलं. तिथं कूज होती, विहीर होती आणि तो नाही म्हणणार नव्हता. पट्ट्या पुरेशा लांब व्हायला हव्यात म्हणून सगळंच बेणं लागणार होतं.

रूपाबाई म्हणाली, "सायेब, पाटीभर माझ्या परसात लावू द्या. सगळंच एका ठायी कशाला?"

"वैनी, ओळी कमी पडल्या तर प्रयोग होत न्हाई," मी म्हणालो. ती नवऱ्याकडे बघायला लागली. नवरा म्हणाला, "बराबर हाय त्यायचं."

मी तीन पाट्या रंगवून आणल्या: रासायनिक, जैविक, कंट्रोल. तिसरी बघून नेमसिंग चक्रावला. आमच्याकडे कंट्रोल म्हणजे रेशनचं दुकान. "कंट्रोलात तर धान्य देतेत, सायेब. हितं काहून काईच द्यायचं न्हाई?" मी समजावलं की काही न दिलेली पट्टी असल्याशिवाय दिलेल्याचा गुण कळत नाही. त्यानं मान हलवली. रूपाबाईला मात्र ते पटलं नाही. पंगतीत दोघांना वाढायचं आणि तिसऱ्याचं ताट पालथं ठेवायचं, हा कसला न्याय, असं तिचं म्हणणं. ती त्या पट्टीला 'उपाशी' म्हणायला लागली आणि तिचं बघून सगळा तांडाच म्हणायला लागला. माझ्या पाटीवर कंट्रोल लिहिलेलं तसंच राहिलं.

पाऊस त्या वर्षी असा झाला की विहिरीचं पाणी हातानं घेता येत होतं. रानाच्या वरच्या अंगानं जाणारा रस्ता नुकताच उंच केला होता आणि खालून पाणी जायला मोरी ठेवली नव्हती. डोंगराचं सगळं पाणी रस्त्याला अडायचं, कडेनं वळायचं आणि नेमसिंगच्या रानात उतरायचं. मी त्याबद्दल एक अर्ज लिहिला. अर्ज गेला तो गेलाच.

सुरुवातीला निळी पावडर दिलेली पट्टी हिरवी राहिली आणि जैविक पट्टी पिवळी पडायला लागली. मला राग आला. कोणाचा, ते सांगता येणार नाही, बहुतेक पावडरीचाच. नेमसिंग माझी समजूत काढायचा, "येईल सायेब, तुमची बुरशी जरा सावकास काम करत आसंल." तीन आठवड्यांनी निळी पट्टीही बसली. भर पावसात छत्री घेऊन मी बांधावर उभा होतो. दोन्ही पट्ट्यांत घोटाभर पाणी. त्यात रसायन राहिलं नव्हतं आणि माझी बुरशीही राहिली नव्हती. दोघंही वाहून खालच्या ओढ्याला गेले होते. एवढं सगळं शिक्षण, एवढ्या पाट्या, आणि तुलना करायला उरलं काय, तर चिखल.

तेवढ्यात माझं लक्ष तिसऱ्या पट्टीकडे गेलं. ती पूर्ण नाही, पण अर्धीअधिक हिरवी होती.

मी जवळ गेलो. पट्टीच्या चारी बाजूंनी हातभर खोल चर खणलेला होता आणि त्यातून पाणी खळखळ ओढ्याकडे चाललं होतं. रूपाबाई डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन कुदळीनं चरातला गाळ काढत होती.

"हे काय केलं वैनी? या पट्टीला काही करायचं न्हाई म्हणलो होतो ना मी!"

"औषीद द्यायचं न्हाई म्हणला तुमी," ती कुदळ न थांबवता म्हणाली. "चर खांदायचा न्हाई असं म्हणला न्हाई."

मी ओरडलो. हो, ओरडलो. वर्षाचा प्रयोग वाया घालवला, कंट्रोल म्हणजे कंट्रोल, मी वर काय तोंड दाखवू, असं बरंच काही. एका बाईनं कुदळीनं मला उत्तर दिलं होतं आणि मी तिला प्रश्नपत्रिका दाखवत होतो. आज ते आठवलं की कानशिलं तापतात. वरच्या साहेबांनीही तेच केलं. तिसऱ्या पट्टीत हस्तक्षेप झाल्यामुळे निष्कर्ष ग्राह्य नाहीत, असा शेरा मारून अहवाल बाद केला. उरलेल्या दोन पट्ट्यांना चर खणायला तिच्यात बळ नव्हतं आणि नेमसिंगला मी खणू दिलं नसतं, हे अहवालात कुठं लिहायचं होतं?

फाल्गुनात काढणी झाली. रासायनिक पट्टीतून घमेलंभर धड गड्डे निघाले, जैविकमधून तेवढेच. डावं-उजवं करण्यासारखं काही नव्हतं. उपाशी पट्टीतून दोन पाट्या भरून निघाले. रूपाबाईनं दोन दिवस बसून एकेक गड्डा हुंगला, दाबला, घमेल्यातले सगळेच फेकले आणि शेवटी बेण्याची एक पाटी बाजूला काढली. थावरीबाईच्या पदरात जेवढे होते, साधारण तेवढेच.

"पुन्ना बारा वर्सं," नेमसिंग म्हणाला. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस. पण चेहऱ्यावर उजेड होता त्याच्या.

चैत्रात तांड्यातल्या दीपाचं लग्न होतं. तिची आई रिवाजाप्रमाणं रिकामी पाटी घेऊन आली. रूपाबाईनं तिला बसवलं, पाणी दिलं आणि शास्त्रापुरता एक गड्डा हातावर ठेवला. "बाकी वसमतची आण," म्हणाली. ती बाई गड्डा पदरात बांधून निघाली. आयुष्यात पहिल्यांदाच त्या घरातून कोणी पाटी रिकामी नेली, असं रूपाबाई मला दोनदा सांगून गेली. म्हणजे पाटीभर बेण्यात किती जीव अडकला होता ते बघा.

आणि आता इथं मी गप्प बसायला हवं होतं. ढीग लावायचा, पाला झाकायचा, दर बाजारी हुंगायचा, हे चाळीस वर्षं चालत आलेलं काम होतं. पण मला भरपाई करायची होती. या वेळी बेणं रोगापासून पक्कं वाचवायचं, या हट्टानं मी ट्रायकोडर्माच्या दोन पुड्या घेऊन गेलो. एक बेण्यावर भुरभुरायला, एक लावणीआधी रानात टाकायच्या शेणखतात मिसळायला. नेमसिंगसमोर दोन्ही कामं केली. एका बाजूला लिंबाखाली बेण्याचा छोटा ढीग, दुसऱ्या बाजूला गोठ्यामागं शेणखताचा खड्डा. वेळ नव्हता. सेनगाव तालुक्यात पुसेगावकडे गारपीट झाली होती आणि पंचनाम्यांसाठी मला तिकडं पाठवलं होतं. गाडीला किक मारता मारता मी म्हणालो, "नेमसिंगभाऊ, मी येईस्तोवर हात लावू नका."

मला म्हणायचं होतं शेणखताला.

पंचनामे लांबले. मग दुसरं कसलं तरी सर्वेक्षण निघालं. वैशाखात एका दुपारी पुसेगावच्या शिवारात मोजणीची टेप धरून उभा असताना फोन वाजला.

"सायेब, आली!"

"काय आलं?"

"बुरशी. हिरवीगार. आपलं माणूस."

ऊन मी म्हणत होतं, टेपच्या दुसऱ्या टोकाचा माणूस हाका मारत होता. माझ्या डोळ्यांसमोर शेणखताचा खड्डा आला. "वा, छान!" मी म्हणालो. "जपा तिला. ओल कमी होऊ देऊ नका."

"बराबर, सायेब."

मृग दोन दिवसांवर असताना मी तांड्यावर गेलो. नेमसिंग वाटच बघत होता. हात धरून घेऊन गेला. खड्ड्याकडे नाही, लिंबाखाली. बेण्याच्या ढिगावर पाला नव्हता, ओली पोती होती. बाजूला पाण्याची घागर आणि गुळाचा डबा. पोत्यांवर मुंगळे फिरत होते.

मी गुळाच्या डब्याकडे बोट दाखवलं.

"रोज सकाळी शिंपडून राहिलो," तो म्हणाला. "गुळाचं पाणी. तुमी सांगितलं तसं. कोणाला हात लावू दिला न्हाई." आणि त्यानं पोतं उचललं.

हिरवीच होती. वरपासून खालपर्यंत, मखमल अंथरल्यासारखी. वास आला आणि मी मागं सरकलो. मग खाली बसलो आणि रूपाबाई घालायची तसा हात आत घातला. मनगटापर्यंत हात सहज गेला. आत एकही गड्डा हाताला लागला नाही. नुसता गरम लगदा. दोन्ही हातांनी उपसला, तळाशी गेलो. रूपाबाई आली आणि समोर बसून तीही शोधायला लागली. तिला एक सापडला, लिंबाएवढा, वरून घट्ट. तिनं तो माझ्यासमोर मोडला. आत काळा होता.

नेमसिंग उभाच होता. "ही चांगली ना, सायेब?"

खोटं बोलायची फार इच्छा झाली. "न्हाई," मी म्हणालो. "ही कुजवणारी आहे, नेमसिंगभाऊ. सगळं गेलं."

"पण हिरवी हाय."

"हिरवी आहे. पण ही ती न्हाई."

"मंग ती कशी वळखायची?"

सूक्ष्मदर्शकाखाली कळतं, असं पुस्तिकेत होतं. सव्वीस वर्षांत मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला नव्हता. चांगली बुरशी मी स्वतःही कधी ओळखली नव्हती. पुडीवर नाव वाचून ओळखत होतो.

"मला वास आला व्हता," रूपाबाई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "तिसऱ्या बाजारी. तवा वरचेच चार-दोन मऊ व्हते. मी म्हणलं, उपसू. ह्ये म्हणले, सायेबानं हात लावू नको म्हणलंय. तरी म्हणलं, फोन तरी करा. मंग ह्यायनी फोन केला."

"व्हय," नेमसिंग म्हणाला. "सायेब म्हणले, छान. जपा म्हणले." तो मला दोष देत नव्हता. झालं ते जसंच्या तसं सांगत होता, तीस ग्रॅम पावडर मोजावी तसं.

त्यानं मला एक शिवी जरी दिली असती तरी मी त्याचे पाय धरले असते. मी सांगायला लागलो की चूक माझी आहे, मी खड्ड्याबद्दल बोलत होतो, मला नीट सांगायला हवं होतं, दर बाजारी वैनींना हात घालू द्यायला हवा होता. तो ऐकत राहिला. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाला, "बराबर." मग ढिगाकडे बघून विचारलं, "हे उकिरड्यात टाकू का जाळू?"

"जाळा," मी म्हणालो. "उकिरड्यातनं पुन्हा रानात जाईल."

ओला लगदा जळेना. त्यानं पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या आणल्या, रॉकेलची बाटली आणली. खूप वेळ नुसता धूर होत राहिला. तांड्यातल्या दोन-तीन बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. कशाचा धूर आहे ते त्यांना सांगावं लागलं नाही. दीपाची आई पदर नाकाला लावून परत आत गेली.

मी गाडीकडे निघालो. वाटलं, आता या तांड्यावर यायचं नाही, बदली मागायची, नाहीतर सरळ घरी बसायचं. वर्षभरच राहिलं होतं निवृत्तीला. नेमसिंग मागोमाग आला. हात मागे बांधलेले, मान जरा पुढं. पहिल्या दिवशी उभा होता तसाच.

"सायेब," तो म्हणाला, "मिरग आलाय. रान मोकळं हाय. आता काय लावू?"

घंगाळापाशी बसून हात धुणाऱ्या रूपाबाईनं मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलू नये, एवढंच तिला हवं होतं. मला ते स्पष्ट कळलं.

"सेलम लावा," मी म्हणालो. "वसमतला बेणं मिळतं. लावायच्या आधी पावडरीत बुडवून घ्या."

"बराबर, सायेब," नेमसिंग म्हणाला, आणि किती ग्रॅम ते विचारलं.

मी सांगितलं. रूपाबाईनं हात हुंगले आणि पुन्हा पाण्यात घातले.